एकतीस मॅच न हरलेली पोरं : लंडन नाइट्स, 2004-05

थंडगार

मंडळी, मागे एका धाग्यावर बोलता बोलता लिहून गेलो की मी बघितलेली सगळ्यात भारी टीम क्रिकेटची नाही, फुटबॉलची नाही, सोळा ते वीस वर्षांच्या पोरांची आइस हॉकीची आहे, तर लगेच तिघांनी धरलं की वेगळा धागा काढ. काढतोय. मोठा आहे, चहा घेऊन बसा.

टीम लंडन नाइट्स. आधीच सांगतो, हे लंडन इंग्लंडातलं नाही, कॅनडातलं, ऑन्टारियोमधलं, टोरांटोहून 401 हायवेने दोनेक तास. नदीचं नावही थेम्सच ठेवलंय लोकांनी, त्यामुळे घरी फोनवर समजावताना माझी पुरती वाट लागायची.

2003 मध्ये शिकायला गेलो. पहिलं वर्ष थंडीशी मारामारी करण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात लॅबमधल्या एकाकडे जास्तीचं तिकीट होतं म्हणून गेलो, नाहीतर हॉकी म्हणजे गवतावरची एवढंच ज्ञान. त्या वर्षी एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतली सगळ्यात मोठी प्रोफेशनल हॉकी लीग) मालक आणि खेळाडूंचं फाटलेलं, पगाराच्या मर्यादेवरून लॉकआउट, म्हणजे मोठी हॉकी टीव्हीवर बंदच, आणि फेब्रुवारी 2005 मध्ये तर त्यांनी अख्खा सीझनच रद्द करून टाकला. हॉकीशिवाय कॅनडातला हिवाळा म्हणजे काय ते तिथल्या माणसांचे चेहरे बघून कळायचं. मग सगळ्यांचे डोळे ज्युनियरकडे.

माझी सीट पार वर. शेजारी एक आजोबा, हिरवं जुनाट जॅकेट, मांडीवर टोपी. पहिली दहा मिनिटं मला पक दिसलाच नाही. काळा रबरी तुकडा, तीन इंच व्यासाचा, जाडी एक इंच, कुठून कुठे जातो कळायच्या आत लोक ओरडायला लागतात. माझी मान टेनिससारखी हलतेय बघून आजोबा म्हणाले, पककडे बघू नकोस, पोरांचे खांदे बघ, ज्या बाजूला पाच जणांचे खांदे वळतात तिकडे पक असतो. खरं सांगतो, एवढ्या एका वाक्यावर मी हॉकी शिकलो. आणि आवाज! टीव्हीवर तो येतच नाही. पोरगं फळीवर आदळलं की वरच्या रांगेत आपल्या दातात जाणवतं.

त्या दिवशी जिंकले. पुढच्या वेळी गेलो, जिंकले. पुढच्या वेळीही. सीझनच्या सुरुवातीपासून 31 मॅच ही टीम हरलीच नाही, 29 जिंकल्या, दोन टाय. आधीचा रेकॉर्ड ब्रँडन व्हीट किंग्जचा, 1978-79 मधला, 29 मॅचचा, तो मोडला. शेवटी डिसेंबरात सडबरीला जाऊन हरले. पूर्ण सीझन 68 मॅच, त्यात 59 जिंकल्या, 7 हरल्या, 2 टाय, 120 पॉइंट्स. मग प्लेऑफ, फायनलला ओटावाला 4-1 ने काढून ओएचएलचा कप, आणि मे महिन्यात मेमोरियल कप, फायनलला समोर रिमुस्की आणि त्यांचा सतरा वर्षांचा एक मुलगा, सिडनी क्रॉस्बी. 4-0.

पण मला धागा काढायचा होता तो यासाठी नाही. आजोबा प्रत्येक मॅचला म्हणायचे, 'आज हरणार'. प्रत्येक! विसावी मॅच जिंकल्यावर मी चिडवलं तर म्हणाले तू नऊ वर्षांपूर्वी नव्हतास. घरी येऊन शोधलं. 1995-96 मध्ये याच टीमने 66 पैकी 3 मॅच जिंकल्या होत्या. तीन. 60 हरले. हे गृहस्थ त्या सगळ्या घरच्या मॅचना, तेव्हाच्या जुन्या रिंकवर, सीझन तिकीट काढून बसलेले.

फिरकीबाज

वाचतोय, भारी. पण काका आमच्यासारख्यांसाठी जरा सोपं करून सांगा ना. ज्युनियर म्हणजे शाळेची टीम का? मग नऊ हजार लोक कशाला येतात? आणि ओएचएल, एनएचएल, मेमोरियल, माझं डोकं भंजाळलं.

थंडगार

@फिरकीबाज काका म्हणू नकोस रे, पंचेचाळीसही नाहीत अजून :)

शाळेची नाही. कॅनडात तीन मोठ्या ज्युनियर लीग आहेत, ऑन्टारियोची ओएचएल, पश्चिमेकडची डब्ल्यूएचएल, आणि क्यूबेक आणि आजूबाजूची क्यूएमजेएचएल. तिन्ही मिळून सीएचएल. अमेरिकेतल्याही काही टीम्स यात आहेत. खेळाडू साधारण 16 ते 20, त्यात वीस वर्षांचे एका टीमला तीनच ठेवता येतात. एनएचएलमध्ये जाणारी कितीतरी पोरं इथूनच जातात. तिन्ही लीगचे विजेते आणि चौथी यजमान टीम, अशा चौघांत दरवर्षी मेमोरियल कप होतो. 1919 पासून चालू आहे, पहिल्या महायुद्धात गेलेल्या कॅनडाच्या सैनिकांच्या आठवणीत, म्हणून ते नाव.

2005 ला यजमान लंडनच होतं आणि ओएचएलही त्यांनीच जिंकली, मग ओएचएलची दुसरी जागा उपविजेत्या ओटावाला गेली. क्यूबेककडून रिमुस्की, आणि पश्चिमेकडून केलोना, आदल्या वर्षीची चॅम्पियन.

वाकडा_प्रश्न

धागा छान आहे, पण मी नेहमीप्रमाणे माशी शिंकवतो.

1. यजमान म्हणजे एंट्री सीझनआधीच पक्की. सगळं आपल्या घरच्या बर्फावर, आपल्या लोकांसमोर.

2. लॉकआउट नसता तर यातली किती पोरं त्या वर्षी लंडनमध्ये असती? डॅन फ्रिची आदल्या वर्षी कोलंबसकडून एनएचएल खेळून आलेला. कोरी पेरी एकोणीस वर्षांचा, एनएचएलच्या अनाहाइमने ड्राफ्टच्या (टीम्स दरवर्षी आळीपाळीने नवी पोरं निवडतात तो) पहिल्याच राउंडमध्ये घेतलेला, कोणी सांगावं वर गेला असता.

3. यजमान टीम वर्षभर आधीपासून माल जमवते. धाकट्यांची जागा आणि पुढचे ड्राफ्ट पिक (नवी पोरं निवडायचे हक्क) देऊन तयार खेळाडू आणायचे, एक वर्ष जिंकायचं, मग पुढे तीन वर्षं बोंब.

मग यात 'भारी' ते काय? पैसेवाल्याच्या लग्नात जेवण चांगलं असणारच.

गोधडी

पैसेवाल्याच्या लग्नात 😂😂 ... पण मुद्दा बरोबर वाटतोय राव

सरळरेषा

वाकडा, तुझा तिसरा मुद्दा अर्धा बरोबर. त्यांनी माल जमवला हे खरं. गोली (गोलकीपर) अ‍ॅडम डेनिस आणि डिफेन्सवाला डॅन जिरार्डी, दोघेही सीझन चालू असताना गेल्फकडून आणले. यातली मजा बघ, 2003-04 मध्येही लंडन लीगमध्ये पहिलं होतं, 110 पॉइंट्स, आणि प्लेऑफमध्ये त्यांना बाहेर काढलं ते गेल्फनेच, आणि तेव्हा गेल्फच्या गोलमध्ये उभा होता हाच डेनिस. ज्याने दार बंद केलं त्यालाच घरी आणून दारावर बसवला. मेमोरियल कपचा बेस्ट गोलीही तोच ठरला.

पण 'पुढे तीन वर्षं बोंब' हे लंडनला लागू नाही रे बाबा. 2005 नंतर 2016 ला मेमोरियल कप, मग 2025 ला. मध्ये ओएचएलचे कप वेगळेच.

आणि टीम भारी म्हणजे कप पक्का असं म्हणशील तर ब्रँडनची गोष्ट ऐक, ज्यांचा रेकॉर्ड मोडला तेच. 1978-79 मध्ये त्यांनी 72 पैकी फक्त 5 मॅच हरल्या होत्या. पाच! आणि मेमोरियल कपच्या फायनलला पीटरबरोकडून ओव्हरटाइममध्ये 2-1 ने गेले. आठ महिने कोणाच्या बापाला ऐकलं नाही आणि एका गोलने आठवणीतून पुसले गेले. कागदावर भारी असणं आणि मेच्या शेवटच्या रविवारी भारी असणं यात केवढा फरक आहे.

वाकडा_प्रश्न

ब्रँडनचं माहीत नव्हतं. बरं, एक पॉइंट तुझा.

आई_ड्रायव्हर

मी नेहमी वाचनमात्र असते पण इथे राहवलं नाही. आमचे दोघेही हॉकी खेळतात (ऑन्टारियोतच, लंडनजवळ नाही), मोठा आता चौदाचा. तुम्ही सगळे पॉइंट्स आणि कप मोजताय, मला मात्र हा धागा वाचून फक्त लेस आठवतायत.

सकाळी पावणेसहाची प्रॅक्टिस, कारण रिंकचा तोच वेळ लहानांच्या वाट्याला येतो. गाडीचा हीटर गरम व्हायच्या आत आपण पोचलेलो असतो. रबरी फरशीच्या त्या चेंजिंग रूममध्ये गुडघ्यावर बसायचं आणि पाच वर्षांच्या पायातल्या स्केटची लेस घट्ट ओढायची, इतकी घट्ट की बोटांवर लाल वळ उठतात, आणि मग तो शांतपणे सांगतो की आई मला शू लागली. सगळं परत काढा! आणि ती बॅग. हॉकीच्या बॅगेचा वास ज्यांनी घेतला नाही ते नशीबवान. ती घरात घ्यायची नाही असा आमच्याकडे कायदा, आणि गॅरेजमध्ये ठेवली तर सकाळी ग्लोव्हज लाकडासारखे कडक.

मुद्दा हा की ही ज्युनियरची पोरं सोळाव्या वर्षी घर सोडतात. टीम जिथे असेल त्या गावातल्या कोणा अनोळखी कुटुंबात राहतात, त्याला इथे बिलेट म्हणतात, ती बाई त्यांना जेवू घालते, शाळेत उठवते, हरून आले की त्यांच्या बंद दाराकडे बघत बसते. आमच्या शेजारी असं एक घर आहे. सतरा वर्षांचा पोरगा, मिशी फुटतेय, आणि शुक्रवारी रात्री नऊ हजार लोक त्याच्या नावाने शिट्ट्या मारणार, शनिवारी सकाळी तो गणिताच्या पेपरसाठी रडवेला. थंडगारदादा, तुमच्या त्या 31 मॅच मुलं खेळत होती हे मात्र विसरू नका.

डबल_चहा

ताई, काय लिहिलंय. लेसचं वाचून माझीच बोटं दुखली.

एक विचारू का, या मुलांना पैसे मिळतात का? एवढी तिकिटं विकली जातात म्हणजे कोणीतरी कमावत असणारच ना.

आई_ड्रायव्हर

खर्चापुरते मिळतात, पगार म्हणावा असं काही नाही. त्याबदली शिक्षणाचं पॅकेज असतं, जितके सीझन खेळाल तितकी वर्षं कॉलेजची फी टीमकडून. पण इतकी वर्षं गोम अशी होती की इथे एक मॅच जरी खेळलात तरी अमेरिकेतल्या कॉलेज हॉकीचं दार बंद, ते या पोरांना प्रोफेशनलच धरायचे. म्हणजे पंधराव्या-सोळाव्या वर्षी आईबापांनी स्वयंपाकघरात बसून पोराचं आयुष्य ठरवायचं, हा रस्ता की तो. तो नियम आता बदलला, 2025 च्या ऑगस्टपासून दोन्हीकडे जाता येतं. आमच्या घरातली निम्मी भांडणं त्यामुळे मिटली.

फिरकीबाज

हे सगळं आम्हाला कोणी सांगत नाही, भारी धागा. पण पेरी पेरी म्हणताय तो एवढा काय होता? क्रॉस्बीचं नाव मलाही माहितीय, पेरीचं नाही.

थंडगार

पेरीचं सांगायला लावलंस, आता भोग.

हा दिसायला उंच, लांब हातपायाचा, आणि स्केटिंग बघितलं तर वाटावं यापेक्षा बाकीची पोरं जास्त वेगात पळतात. पण तो पळायचाच नाही. समोरच्या गोलीच्या नाकासमोर जाऊन उभा राहायचा. मागून दोन डिफेन्सवाले त्याच्या पाठीत काठ्या घालतायत, मानेवर ढकलतायत, हा हलत नाही, आणि वर तोंडाने काहीतरी बडबड चालू, इतक्या लांबून शब्द ऐकू येत नव्हते पण गोलीचा मुखवटा रागाने हलताना दिसायचा. मग कुठूनतरी पक यायचा आणि हा नुसती काठी लावायचा. गोल. समोरचा पेटलेला असायचाच, तो एक ठोसा द्यायचा, पेनल्टी, म्हणजे तो काही मिनिटं बाहेर, आणि लंडन पाचाला चार. म्हणजे गोल पण आमचा आणि वर पॉवर प्ले पण आमचा! दुसऱ्या टीमच्या लोकांना हा किती डोक्यात जात असेल.

त्या सीझनला 60 मॅचमध्ये 130 पॉइंट्स, 47 गोल आणि 83 असिस्ट. लीगमध्ये पहिला, आणि मेमोरियल कपचा एमव्हीपी पण तोच. बाकी डेव्ह बोलंड होता, रॉब श्रेम्प होता (याचे हात म्हणजे जादू, काठीच्या पात्यावर पक उचलून फिरवायचा), कोच डेल हंटरचा मुलगा डिलन होता, आणि कॅप्टन डॅनी सिव्हरेट, डिफेन्समधून सगळं चालवणारा.

कोचही बघण्यासारखा. डेल हंटर, स्वतः 1407 एनएचएल मॅच खेळलेला आणि 3565 मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसलेला, म्हणजे हिशोब केलात तर जवळजवळ साठ तास नुसता कोंडलेला. तो आणि भाऊ मार्क, पेट्रोलियाकडच्या शेतकरी घरातले, त्यांनी 2000 मध्ये ही टीम विकत घेतली, दोन वर्षांनी टीम गावाबाहेरच्या जुन्या रिंकमधून डाउनटाउनच्या नव्या स्टेडियममध्ये आली. बेंचमागे उभा असायचा, चेहऱ्यावर रेषा हलणार नाही. पंधरावी मॅच जिंकली काय, हरली काय, बैल विकायला बाजारात उभा असल्यासारखा.

सरळरेषा

पेरीवर भर घालतो. त्याने पुढे 2007 ला स्टॅनली कप (एनएचएलच्या विजेत्याचा), 2010 आणि 2014 ला ऑलिम्पिक गोल्ड, 2016 ला वर्ल्ड चॅम्पियनशिप आणि वर्ल्ड कप दोन्ही. 2005 च्या जानेवारीत, म्हणजे आपल्या याच सीझनच्या मध्यात, वर्ल्ड ज्युनियरचं गोल्ड, तिथे त्याच्याच लाइनमध्ये (एकत्र बर्फावर उतरणारी तुकडी) क्रॉस्बी आणि बर्जेरॉन. हे सगळं आणि मेमोरियल कप, असे सहाही जिंकलेले दोनच जण, एक स्कॉट निडरमायर, दुसरा हा.

आणि नशिबाची दुसरी बाजू पण बघा. 2020 पासून 2025 पर्यंत सहा वर्षांत पाच वेळा स्टॅनली कपच्या फायनलला गेला, चार वेगवेगळ्या टीम्सकडून, आणि पाचही वेळा हरला.

गोधडी

पाच??? ... बिचारा. याला म्हणतात साडेसाती

वाकडा_प्रश्न

आता मलाही इंटरेस्ट आलाय हे मान्य करतो. पण मूळ प्रश्न तसाच आहे. जी टीम हरतच नाही ती बघण्यात मजा काय? प्रत्येक वेळी जिंकणार हे माहीतच. मी तर तिसऱ्या मॅचनंतर घरी झोपलो असतो.

थंडगार

हे बरोबर विचारलंस, कारण मलाही नोव्हेंबरात तसंच व्हायला लागलेलं. 6-1, 5-0 वगैरे. मी पुस्तक घेऊन जायचो, दोन पिरियडच्या मध्ये झांबोनीचं मशीन बर्फ पुसत असायचं तेव्हा वाचायचो.

पण आजोबा बदलले नाहीत आणि त्यांच्यामुळे मी बदललो. ते 4-0 असताना सुद्धा 'आता ढिले पडतील' म्हणायचे. आणि खरंच ती पोरं ढिली पडायची क्षणभर, मला कळायचं नाही, त्यांना कळायचं. शिफ्ट लांबायला लागली की ते मांडीवर टोपी आपटायचे. हॉकीत एक लाइन पाऊण मिनिट बर्फावर असते, तेवढाच जीव असतो पायात, मग उडी मारून बेंचवर आणि दुसरे पाच आत, खेळ न थांबता. आजोबा मनात सेकंद मोजायचे. पंचावन्न झाले, बघ, बघ याचे गुडघे. आणि पुढच्या क्षणी तोच पोरगा मागे राहायचा. म्हणजे जिंकणार का हा प्रश्न सोडून दिला की कसे जिंकतायत ते दिसायला लागतं. जिंकणाऱ्या टीमच्या चुका बघायला मला त्या माणसाने शिकवलं.

सडबरीला हरले ती मॅच मी रेडिओवर ऐकली, सहा तास बसने जाऊन पोरं हरली. पुढच्या घरच्या मॅचला आजोबा इतके निवांत होते की मला संशय आला. म्हणाले, बरं झालं, आता झोप येईल.

डबल_चहा

हा हा हा, आमचे आजोबा पण असेच, पीक उभं आहे तोवर विश्वास नाही.

फायनलचं सांगा की. क्रॉस्बीचं काय झालं?

थंडगार

क्रॉस्बी त्या वर्षी कॅनडाभर गाजत होता. 62 मॅचमध्ये 168 पॉइंट्स, आणि रिमुस्की पण लंडनसारखीच, महिनोन् महिने न हरता आलेली. मेमोरियल कपची पहिलीच मॅच या दोघांची, आणि लंडन ओव्हरटाइममध्ये 4-3 ने वाचलं. वाचलं हाच शब्द. मग लंडनने केलोना आणि ओटावालाही हरवलं, तीनात तीन, म्हणजे थेट फायनल. रिमुस्कीला सेमीफायनल खेळून यावं लागलं.

29 मे 2005, रविवार. मला तिकीट मिळालं नाही. मिळणारच नव्हतं. आम्ही चौघं डाउनटाउनमध्ये एका बारच्या टीव्हीसमोर उभे, स्टेडियम तिथून दोन चौक लांब, आणि गंमत अशी की स्टेडियममधला गलका आधी यायचा आणि टीव्हीवर गोल नंतर दिसायचा! दुसऱ्या गोलनंतर लोकांनी टीव्हीकडे बघायचंच सोडलं, सगळे दाराकडे कान लावून. 4-0. क्रॉस्बीसकट त्या टीमला एक गोल करता आला नाही. चाळीस वर्षांच्या टीमचा पहिला मेमोरियल कप. रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न, अनोळखी माणसं मिठ्या मारतायत, एक पोरगा सिग्नलच्या खांबावर चढलेला. पुढे 2018 मध्ये मेमोरियल कपची शंभरावी स्पर्धा झाली तेव्हा याच टीमला शतकातली सर्वोत्तम टीम म्हणून निवडलं.

वाकडा_प्रश्न

शतकातली? म्हणजे माझ्याआधीच कोणीतरी निकाल लावून ठेवलाय तर. ठीक आहे, लॉकआउटचा मुद्दा मी सोडत नाही पण बाकी मागे घेतो.

थंडगार

लॉकआउटचा मुद्दा मी पण सोडत नाही रे, नशीब होतंच. लॉकआउट सगळ्यांनाच होता एवढं फक्त लक्षात ठेव.

आई_ड्रायव्हर

त्या संघातल्या बाकी पोरांचं पुढे काय झालं? कप उचलला तो एक दिवस. मला नेहमी पुढचंच जाणून घ्यायचं असतं.

सरळरेषा

ताई, सरमिसळ. बोलंडने 2013 ला शिकागोकडून स्टॅनली कपचा विजयी गोल मारला, शेवटचं मिनिट चालू असताना. जिरार्डीला ड्राफ्टमध्ये कोणीच घेतलं नव्हतं, तो पठ्ठ्या नऊशेच्या वर एनएचएल मॅच खेळला. मार्क मेथॉट आणि ब्रँडन प्रस्ट पण बरीच वर्षं टिकले. आणि श्रेम्प, ज्याच्या हातात सगळ्यात जास्त जादू, पहिल्या राउंडचा ड्राफ्ट, तो एनएचएलमध्ये शंभरच्या आसपास मॅच खेळून युरोपात गेला. डेनिस, मेमोरियल कपचा बेस्ट गोली, एनएचएलची एकही मॅच नाही.

आई_ड्रायव्हर

हं. हे मोठ्याला वाचून दाखवणार नाही. की दाखवू? मागच्या वर्षी त्याला एका टीमने ट्रायआउटमधून काढलं तर तीन दिवस बॅग उघडली नव्हती त्याने, आणि ती न उघडलेली बॅग म्हणजे काय ते वर लिहिलंच आहे.

गोधडी

जिरार्डीचं तेवढं दाखवा ताई ... बाकीचं राहू दे

कोपऱ्यातला_वाचक

थंडगार, आजोबा फायनलला होते का? ते सांगितलंच नाहीस.

थंडगार

होते. सीझन तिकीटवाले ना. पण मला ते चार महिन्यांनी कळलं, नवीन सीझनच्या पहिल्या मॅचला, तीच सीट, तेच जॅकेट. मी गेल्या गेल्या विचारलं, शेवटचा हॉर्न वाजला तेव्हा कसं वाटलं, तुम्ही काय केलंत.

म्हणाले, मी बघितलं नाही. शेवटची तीन मिनिटं बाहेर पॅसेजमध्ये होतो, पॉपकॉर्नच्या काउंटरपाशी. काउंटरवरची मुलगी पण आत पळालेली. एकटाच.

मी म्हटलं अहो, 4-0 होतं!

तर म्हणाले, हो ना, माहीत होतं मला. पण पाय आत जाईनात.

मग पक पडला, मॅच सुरू झाली, आणि पहिल्या पाच मिनिटांत टोपी मांडीवर आपटून म्हणाले, आज हरणार.

फिरकीबाज

😄😄 आजोबांना साष्टांग.

अवांतर, माझी बहीण ओटावाला शिफ्ट झालीय, भाचा सहा वर्षांचा, त्याला स्केट घ्यायचेत. बुटाच्या मापाचेच घ्यायचे ना? थोडे मोठे घेतले तर दोन वर्षं चालतील असं ती म्हणतेय.

आई_ड्रायव्हर

अजिबात मोठे नको! नेहमीच्या बुटापेक्षा एखादं माप लहानच बसतात स्केट. पातळ मोजा घालून बघायचं, बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि टाच हलता कामा नये. मोठे घेतले तर घोटा वाकतो आणि पोरगं म्हणतं मला हॉकी आवडत नाही. सेकंडहँड घे म्हणावं, एका हिवाळ्यात लहान होतात. आणि लेस ओढायचा हूक मिळतो दुकानात, छोटासा, तो विसरू नको सांग तिला. आणि लेस बांधायच्या आधी शू.